मुलीने निबंधात मला आदर्श ठरवले आहे. त्यातील एक वाक्य वगळायला सांगावे का?

वेदगंगाकाठचा (निपाणी तालुका), 9 जानेवारी

माझी मुलगी आमच्या गावातील सरकारी मराठी शाळेत सातवीत शिकते. शाळेने ‘माझा आदर्श’ या विषयावर निबंध लिहून घेतले आणि त्यांपैकी तिचा निबंध 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामस्थांसमोर वाचण्यासाठी बाईंनी निवडला आहे. निबंध माझ्यावर आहे. मी एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचा अध्यक्ष असल्यामुळे त्याच व्यासपीठावर बसणार आहे, आणि मुलांनी कसे वागावे याविषयी दरवर्षीप्रमाणे चार वाक्ये मलाच बोलावी लागणार आहेत.

परवा रात्री जेवणे झाल्यावर तिने वही माझ्यापुढे ठेवली. पहिला परिच्छेद वाचताना मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबा पहाटे चारला उठतात, दुधात कधी पाणी घालत नाहीत, उसने घेतलेले सांगितलेल्या दिवशी परत करतात, असे तिने लिहिले आहे आणि ते खरे आहे. दुसऱ्या परिच्छेदातील एक वाक्य मात्र तिच्याच शब्दांत देतो: ‘आमच्याकडे एकच गाय आहे, तरी आमच्या नावावर दोन गायींचे दूध जाते, कारण बाबा मामाला मदत करतात.’ बाईंनी यातील ‘गायींचे’ या शब्दाची वेलांटी तांबड्या शाईने दुरुस्त केली आहे आणि समासात ‘छान’ असे लिहिले आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. कर्नाटकात सहकारी दूध सोसायटीत दूध घालणाऱ्या उत्पादकाला दुधाच्या दराखेरीज सरकारकडून प्रति लिटर 5 रुपये प्रोत्साहन धन मिळते व ते थेट त्याच्या बँक खात्यावर जमा होते. माझी सासुरवाडी कागल तालुक्यात आहे. आमच्या शिवारात उभे राहिले की मेहुण्यांच्या गोठ्याचा पत्रा दिसतो. मध्ये फक्त एक ओढा आहे, परंतु त्या ओढ्यापलीकडे महाराष्ट्र सुरू होतो. तिकडच्या सरकारनेही मध्यंतरी गाईच्या दुधाला अनुदान दिले, पण ते ठरावीक मुदतीचे होते. दोन वर्षांपूर्वी मी माझी एक गाय विकली, आणि तेव्हापासून मेहुण्यांचा मुलगा रोज सकाळी चार लिटर दूध किटलीतून घेऊन येतो व ते सोसायटीतील माझ्या कोडवर, म्हणजे सभासद क्रमांकावर जाते. गेल्या वर्षी माझी उरलेली गाय दोन महिने आटली होती. त्या दोन महिन्यांतही माझ्या नावावर रोज दूध जमा होत होते. आमचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत. माझी पावती निघते त्या वेळी ते यंत्राकडे पाहतात, माझ्याकडे पाहत नाहीत.

मी स्वतःची समजूत अशी घालत आलो की ही सीमा काही आम्ही आखलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी ओढ्याची अलीकडची आणि पलीकडची दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. राज्यपुनर्रचनेने रेषा ओढली आणि आजोबांची सोयरीक एका रात्रीत परराज्यातली झाली. जी सीमा आमच्या माणसांनी मनाने कधी मान्य केली नाही, ती आमच्या दुधाने तरी का मानावी, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले आहे आणि लोकांनी त्यावर माना डोलावल्या आहेत.

आता वाक्य तसेच राहिले तर सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी आणि निम्मे सभासद ते ऐकतील. बाईंना सांगून ते वगळले तर मुलीला कारण काय सांगावे, हे मला सुचत नाही, कारण तिने ते माझी तक्रार म्हणून नव्हे, तर माझा गुण म्हणून लिहिले आहे. आपण माझ्या जागी असता तर काय केले असते?

सीमावासी (निपाणी), 9 जानेवारी

दादा, आपण उगाच जिवाला लावून घेत आहात. उसाच्या हंगामात काट्यावर ट्रॉलीमागे किती वजन मारले जाते याची चर्चा आपल्या भागातील प्रत्येक चहाच्या टपरीवर चालते, आणि ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते तेच लोक शाळांच्या स्नेहसंमेलनांत प्रमुख पाहुणे म्हणून हार घालून घेतात. त्यांच्यापैकी कोणाची झोप उडाल्याचे मी ऐकलेले नाही. आपण चार लिटर दुधाच्या रोजच्या 20 रुपयांसाठी रात्र जागवत आहात. दूध खरे आहे, गाय खरी आहे, तिला चारा घालणारा माणूसही खरा आहे. खोटे आहे ते फक्त गाव.

तरीही ते वाक्य जाहीरपणे वाचले जाऊ नये, असे माझे मत आहे, आणि ते आपल्यासाठी नव्हे तर सेक्रेटरींसाठी. चेअरमनना कदाचित सगळे ठाऊक असेल, परंतु ठाऊक असणे वेगळे आणि ध्वनिक्षेपकावरून कानावर येणे वेगळे. एकदा ते उघडपणे ऐकले की त्यांना काहीतरी करून दाखवावे लागेल, आणि ते जे काही करतील त्याचा पहिला फटका तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या माणसाला बसेल. निबंध लांबला आहे, दुसरा परिच्छेद थोडा आटोपता घ्या, एवढे बाईंना सांगितले तरी पुरे. मुलगी बारा-तेरा वर्षांची आहे. आठवड्याभरात ती हे विसरून जाईल.

टिळकवाडीचा मास्तर (बेळगाव), 10 जानेवारी

ती विसरणार नाही. मराठी शाळांत एकतीस वर्षे शिकवल्यानंतर मी एवढे नक्की सांगू शकतो की मुले आपण शिकवलेले विसरतात आणि आपल्याला करताना पाहिलेले लक्षात ठेवतात. माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो.

शनिवारी सकाळची शाळा असे आणि मला पहिल्या बसने पोहोचणे जमत नसे. म्हणून मी शुक्रवारी सायंकाळीच मस्टरवर शनिवारची सही करून ठेवत असे. मस्टर आणून देणारा वर्गाचा मॉनिटर हुशार आणि अत्यंत आज्ञाधारक मुलगा होता. एके दिवशी त्याच्या प्रगतिपुस्तकावरील वडिलांची सही मला संशयास्पद वाटली व मी त्याला विचारले. त्याने जराही न घाबरता सांगितले की वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर गेले आहेत, ते आल्यावर सही करणारच आहेत, म्हणून त्यांची सही त्याने आधीच करून ठेवली. ‘आधीच’ हा शब्द त्याने ज्या सहजतेने वापरला, तो शब्द माझा होता. मी त्याला शिक्षा केली नाही आणि त्याचे कारणही वर्गाला सांगितले नाही. आज वाटते, निदान कारण सांगायला हवे होते.

या अनुभवाशी जुळणारा एक प्रसिद्ध प्रयोग पुढे माझ्या वाचनात आला. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील 72 मुलांवर तो केला होता. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बडवले आणि तसे करताना काही ठरावीक शब्द उच्चारले. नंतर खेळण्यांच्या खोलीत सोडल्यावर त्या मुलांपैकी अनेकांनी तसेच ठोसे मारले, आणि मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की काहींनी तेच शब्दही जसेच्या तसे उच्चारले. पुढे 1965 मध्ये त्यांनी असेच दृश्य मुलांना चित्रफितीवर दाखवले. त्यात मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली त्यांनी अनुकरण कमी केले, परंतु ‘पाहिलेले करून दाखवलेस तर बक्षीस देऊ’ असे म्हटल्यावर त्या मुलांनीही इतरांइतकेच सगळे करून दाखवले. याचा अर्थ शिकून सर्वांचे झाले होते. काही जण फक्त ते बाहेर काढत नव्हते.

आता आपल्या मुलीचे वाक्य पुन्हा वाचा. ‘मदत’ हा शब्द तिला कोणी दिला? बाईंनी दिलेला नाही. घरात तो प्रकार याच नावाने बोलला जात असला पाहिजे, आणि तिने कृतीबरोबर नावही उचलले आहे. वाक्य वगळले तर तिला एवढेच कळेल की ही ‘मदत’ घरात करायची असते आणि बाहेर सांगायची नसते. जाता जाता बाईंविषयी एक शब्द लिहितो: त्यांनी वेलांटी पाहिली आणि अर्थ पाहिला नाही, याबद्दल त्यांना दोष देऊ नका. पन्नास वह्या तपासताना मीही वेलांट्याच पाहत असे.

माझा सल्ला असा की निबंधाला हात लावू नका. मुलीला जवळ बसवा, खरा प्रकार सांगा आणि त्या वाक्याचे काय करायचे ते तिलाच ठरवू द्या.

दूधसेक्रेटरी (चिक्कोडी तालुका), 10 जानेवारी

मी अठरा वर्षे एका सोसायटीत सेक्रेटरी आहे, त्यामुळे यंत्राकडे पाहणाऱ्या त्या गृहस्थाच्या बाजूने बोलणे मला भाग आहे. रांगेतील माणूस कोड सांगतो, दूध मापात ओततो, आम्ही नमुना यंत्रात घालतो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन घटक) दिसते व पावती निघते. यात कोठेही ‘ही गाय कोणाची’ असा रकाना नाही, परंतु आम्हाला गोठे पाठ असतात. कोणाची गाय केव्हा व्याली, कोणाची आटली, कोणी बाजार दाखवला, हे आम्ही सांगू शकतो. म्हणून आटलेल्या गाईचे दूध जेव्हा मापात पडते, तेव्हा ते आमच्याही सहीने पडते. तपासणी झाली तर सभासदाला समज देऊन सोडतात आणि लेखी खुलासा सेक्रेटरीकडून घेतात. मी असा खुलासा एकदा लिहिला आहे. त्यातील प्रत्येक ओळ खोटी होती आणि ती माझ्याच अक्षरात आजही कोठल्यातरी फायलीत आहे.

सीमावासी म्हणतात की दूध खरे आहे. तेथेही एक अडचण आहे. समजा मेहुण्यांच्या गाईला दगडी (कासेचा आजार) झाली आणि डॉक्टरांनी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, तर पुढील काही दिवस ते दूध सोसायटीत घालायचे नसते. आपल्या गावच्या गाईवर उपचार झाला तर मला कळते, मी त्या घरच्याला थांबवतो. ओढ्यापलीकडील गोठ्यात काय चालले आहे ते मला कळत नाही, आणि ते दूध शंभर घरांच्या दुधात मिसळून जाते. आपल्या कोडवर जाणाऱ्या दुधाची हमी आपली असते. जी गाय आपण रोज पाहत नाही तिची हमी आपण कशी देणार? शिवाय आता जनावरांच्या कानात 12 अंकी क्रमांकाचे पिवळे बिल्ले आले आहेत. कोणाच्या नावावर किती गाई आहेत हे आज ना उद्या संगणकावर दिसणारच आहे, पण पकडले जाण्याच्या भीतीने आपण विचारत नाही आहात, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

एक प्रश्न मात्र विचारतो, राग मानू नये. ते 5 रुपये पूर्ण मेहुण्यांना जातात का? मी आजवर पाहिलेल्या अशा प्रत्येक व्यवहारात काहीतरी अलीकडे राहत आले आहे.

वेदगंगाकाठचा (निपाणी तालुका), 10 जानेवारी

सेक्रेटरीसाहेब, आपण बरोबर ओळखलेत. 5 रुपयांपैकी 3 मेहुण्यांना जातात आणि 2 माझ्याकडे राहतात. तसे कधी ठरले नव्हते. पहिल्या महिन्यात सुट्टे नव्हते म्हणून राहिले आणि मग तीच रीत पडली. काल प्रश्न लिहिताना मी हे लिहिले नाही, आणि विसरलो म्हणून लिहिले नाही असेही नाही. आपली विचारणा वाचल्यावर वहीवर हिशेब मांडला: दोन वर्षांत साधारण 14,600 रुपये माझ्या खात्यावर आले, त्यांतील 5,840 माझे झाले. याच काळात मी मुलीला ‘मामाला मदत’ असे सांगत होतो. मास्तरांनी शब्द कोठून आला हे विचारले, त्याचे उत्तर हेच आहे.

कणकुंबीची लेक (खानापूर), 12 जानेवारी

माझे काम सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीचे आहे, त्यामुळे आपला पहिला आणि दुसरा मजकूर यांत जो फरक आहे तो मला रोज भेटतो. बहुतेक माणसे खोटे लिहीत नाहीत; ती एक ओळ लिहायची ठेवतात.

सीमेच्या मुद्द्यावर मला सर्वांत आधी बोलायचे आहे, कारण तो वाचून मला वाईट वाटले. आमच्या घरी दरवर्षी 17 जानेवारीला सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन केल्याशिवाय चूल पेटत नाही. महाराष्ट्र सरकारने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालात निघालेला नाही, आणि ही सीमा अन्यायाची आहे असे मीही मानते. परंतु ज्यांनी ती नाकारली त्यांनी ती उघडपणे नाकारली, सत्याग्रह करून नाकारली, तुरुंगात जाऊन नाकारली. आपण तर त्या सीमेचा आधार घेऊनच पैसे मिळवत आहात. सीमा नसती तर 5 रुपयांचा फरकही नसता. तिला मनाने न मानणारा माणूस तिच्या जोरावर रोज 20 रुपये आपल्या खात्यावर घेतो, ही गोष्ट मुलीला समजावून सांगता येईल का ते पाहा.

हा मोह केवळ दुधापुरता नाही. वादग्रस्त भागातील 865 गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात जी सवलत मिळते, तिच्यासाठी गावच्या रहिवासाचा दाखला लागतो. वीस वर्षांपूर्वी गाव सोडून पुण्यात स्थायिक झालेली माझ्या नात्यातील माणसे त्या दाखल्यासाठी जुन्या घराचे कुलूप काढायला येतात आणि आम्ही त्यांना चहा देतो. मीही दिला आहे. त्यांनी मागितलेल्या साक्षीदाराच्या सहीला नकार दिला एवढेच, आणि त्यानंतर दोन लग्नांची आमंत्रणे आली नाहीत.

मास्तरांशी मात्र मी दोन ठिकाणी असहमत आहे. पहिली गोष्ट अशी की बाहुल्याचा प्रयोग काही मिनिटांचा होता. घर हे बारा वर्षांचे असते, आणि त्या बारा वर्षांत मुलीने वडिलांना दुधात पाणी न घालतानाही पाहिले आहे. माणूस अखंड प्रामाणिक किंवा अखंड लबाड असतो असे नाही. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी सुमारे 11,000 शाळकरी मुलांची वेगवेगळ्या प्रसंगांत परीक्षा घेऊन 1928 साली निष्कर्ष मांडले होते. एका प्रसंगी फसवणूक करणारे मूल दुसऱ्या प्रसंगीही करेलच असे त्यांना दिसले नाही. प्रसंग बदलला की वागणे बदलत होते. माझ्या कामातही हेच दिसते. तिजोरीतील एक रुपया इकडचा तिकडे न करणारा मॅनेजर प्रवासभत्त्याचे बिल मात्र डोळे मिटून वाढवतो. आपण दुधात पाणी घालत नाही याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे, परंतु दुधातील पाण्याकडे पाहताना कोडकडे पाहायचे राहून गेले असावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काय करायचे ते मुलीला ठरवू द्या, हा सल्ला ऐकायला चांगला वाटतो, पण तो तिच्यावर अन्याय करणारा आहे. दूध चालू असताना तिला खरे सांगितले तर आपण तिला जाणती भागीदार करता. तिने वाक्य खोडले तर तिने लपवले, ठेवले तर तिने बापाला उघडे पाडले. आधी किटली बंद करा, मग सेक्रेटरींना स्वतः जाऊन सांगा आणि त्यानंतरच मुलीशी बोला. पैशांविषयी बोलायचे तर सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळाकडे लेखी अर्ज देऊन पुढील अनुदानातून वळते करून घेण्याची विनंती करता येईल. ती मान्य होईलच असे नाही, आणि अर्जात सेक्रेटरींचे नाव न आणता तो कसा लिहायचा, हाही प्रश्न आहे.

सीमावासी (निपाणी), 12 जानेवारी

ताई, हुतात्म्यांना दुधाच्या किटलीपर्यंत आणण्याची गरज नव्हती, असे माझे अजूनही मत आहे. परंतु 2 रुपयांची गोष्ट मला माहीत नव्हती. ती माहीत असती तर ‘खोटे आहे ते फक्त गाव’ असे मी लिहिले नसते. सेक्रेटरींना आधी सांगावे, याला माझा पाठिंबा आहे.

वेदगंगाकाठचा (निपाणी तालुका), 28 जानेवारी

उशिरा लिहीत आहे. आमच्याकडे दहा दिवसांचे बिल असते, म्हणून 20 तारखेला बिल पूर्ण करून 21 तारखेपासून मेहुण्यांचे दूध बंद केले. ताईंनी सांगितलेल्या क्रमानेच गेलो. सेक्रेटरींना आदल्या रात्री त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही आणि मग एवढेच विचारले की, आणखी चौघांचे असेच आहे, त्यांना मी आता काय सांगू? यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. मेहुण्यांनी फोनवर ‘बरं’ असे म्हटले व ठेवून दिला. बायको चार दिवस कामापुरतेच बोलत होती. तिचा आक्षेप दूध बंद करण्याला नाही, तर तिच्या भावाला मी ज्या आवाजात सांगितले त्याला आहे.

मुलीशी मी गोठ्यात बोललो, कारण घरात मला धीर झाला नसता. 2 रुपयांची गोष्टही सांगितली. तिने गाईच्या मानेवरून हात फिरवत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मामाला हे माहीत होतं का?” दोन रुपये राहतात हे त्यांना माहीत होते, असे मी म्हणालो. “आणि मला?” एवढेच ती पुढे म्हणाली. मी काय बोलावे याचा विचार करीत होतो, तोपर्यंत ती घमेले घेऊन निघून गेली.

त्यानंतर निबंधाविषयी मी विचारले नाही. बाईंनाही काही सांगितले नाही. 26 तारखेला माझी चार वाक्ये बोलण्याची वेळ तिच्या आधी आली; मी मुलांना नियमित शाळेत येण्यास सांगितले आणि खाली बसलो. मग तिने वही उघडली व वाचायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आले की हा निबंध दुसराच आहे. तो शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर होता. सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतून शाळेत मिळणारे दूध वाटताना मावशी एकच स्टीलचा पेला सर्वांसाठी वापरतात, तो काठापर्यंत भरतात, आणि त्यांचा स्वतःचा नातू रांगेत आला तरी पेला तेवढाच भरतात, असे तिने लिहिले होते. मावशी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पहिल्या निबंधाचे पान तिने फाडलेले नाही. वहीत ते तसेच आहे, तांबड्या ‘छान’सह.

पैशांचा प्रश्न सुटलेला नाही. अर्जाचे तीन मसुदे केले आणि प्रत्येकात सेक्रेटरी कोठेतरी येतातच, म्हणून अजून दिलेला नाही.

काल सकाळी मुलगी माझ्याबरोबर सोसायटीत आली होती. मागे सात-आठ माणसे रांगेत होती. पावतीवर सहा लिटर आले. सेक्रेटरींनी ती माझ्या हातात देताना, बहुधा रांगेतील लोकांना ऐकू जावे म्हणून, विचारले, “दूध कमी झालं, गाय आजारी आहे का?” हो म्हणणे सोपे होते आणि त्यांनी वाटही तशीच करून दिली होती. मुलगी रिकामी किटली धरून शेजारी उभी होती. मी म्हणालो, “नाही. गाय पहिल्यापासून एकच आहे.”